दुर्मीळ बिअरसाठी पैसे भरून सभासदत्व: ब्रुअरीने असे करावे का?

रामबागेतला यांचा प्रश्न

नमस्कार. प्रश्न इंदूरचा आहे, परंतु पुणे, बंगळूरु किंवा परदेशात राहिलेल्या मंडळींना या विषयाचा अनुभव अधिक असेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

विजयनगरच्या बाजूला एक ब्रूपब, म्हणजे स्वतःची बिअर तिथेच बनवून विकणारा बार, आहे. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला एका जागेची तक्रार करायची नसून एका पद्धतीविषयी विचारायचे आहे. गेली दोन वर्षे मी महिन्यातून दोनदा, बहुधा शुक्रवारी संध्याकाळी, तिथे जातो. गव्हाची बिअर आणि स्टाउट (भाजलेल्या धान्याची काळी बिअर) तिथे बारमाही असते, पण माझी नजर आधी फळ्यावरच्या शेवटच्या ओळीवर जाते. त्या ओळीत कधी जांभळाची आंबट बिअर असते, कधी सीहोरच्या शरबती गव्हाची, आणि ती एकदाच बनते, संपली की संपली. तिथला ब्रुअर तरुण आहे, कामावर त्याचा जीव आहे, आणि गर्दी नसेल तेव्हा तो काय मुरत ठेवले आहे ते आपणहून सांगतो.

ऑगस्टमध्ये त्याने मला आतल्या खोलीत नेऊन ओकच्या पिंपात मुरत ठेवलेल्या स्टाउटचा घोट दिला होता. पिंपाच्या तोंडावरच्या फळीत एक स्टीलचा खिळा ठोकलेला होता. त्याने तो पकडीने उपसला, बारीक धार ग्लासात घेतली आणि खिळा पुन्हा बसवला. भाजलेल्या चिकोरीसारखा कडवटपणा, त्यामागे गूळ आणि शेवटी लाकडाचा वास, अशी ती चव माझ्या चांगली लक्षात राहिली. बंगळूरुला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाला मी फोनवर त्याविषयी सांगितले, आणि तो संक्रांतीला घरी आला तेव्हा आम्ही दोघे ठरवून तिथे गेलो. फळ्यावर त्या बिअरच्या नावापुढे खडूने लिहिले होते: ‘फक्त सभासदांसाठी’. सभासदत्व सुरू होऊन तेव्हा एक आठवडा झाला होता, आणि मला त्याची कल्पनाही नव्हती.

योजना अशी आहे. वर्षाचे 9,000 रुपये भरायचे आणि सभासद 200च घ्यायचे. वर्षातून चार दुर्मीळ बिअर खास सभासदांसाठी बनतील, प्रत्येक बिअर उघडण्याच्या दिवशी सभासदाला 330 मिलिलिटरचे दोन ग्लास मिळतील, आणि बाकीच्या बिअरवर वर्षभर 10 टक्के सवलत राहील. त्यांच्या परवान्याप्रमाणे बिअर तिथेच बसून प्यायची असते, घरी नेता येत नाही.

मला वाईट वाटले हे खरे आहे, पण केवळ त्यामुळे योजना चुकीची ठरवावी असे मला वाटत नाही. इंदूरच्या मराठी घरांना वार्षिक सभासदत्व नवीन नाही. सानंद न्यासाचे सभासद वर्षाचे पैसे आधी भरतात म्हणून मुंबई-पुण्याची नाटके इतक्या लांब येऊ शकतात, आणि नाटक पाहायचे तर सभासद व्हायचे हे आपण आनंदाने मान्य केले आहे. मग बिअरच्या बाबतीतच माझ्या मनाला हे का टोचते? फरक खरोखर आहे, की मी वगळला गेलो एवढेच कारण आहे? शिवाय 9,000 भागिले आठ ग्लास केले तर ग्लासाला 1,125 रुपये पडतात. सभासद नेमके कशाचे पैसे भरतो? ब्रुअरीने अशी योजना काढावी का, आणि काढली तर ती कशी असावी, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

---

ऑरेंज_काउंटीहून_परत यांचे उत्तर

मी मूळचा इंदूरच्याच लोकमान्यनगरचा. नोकरीनिमित्त अकरा वर्षे दक्षिण कॅलिफोर्नियात होतो, आणि त्यातली तीन वर्षे अशाच एका योजनेचा सभासद होतो, म्हणून लिहितो.

तिथे ही कल्पना रुजवण्यात ‘द ब्रुअरी’ या नावाच्याच कंपनीचा मोठा वाटा आहे. पॅट्रिक रू यांनी ती 2008 मध्ये प्लासेन्शिया या गावात सुरू केली, आणि लाकडी पिंपात मुरवलेल्या कडक बिअरसाठी ती लवकरच नावाजली गेली. त्यांची ‘रिझर्व्ह सोसायटी’ आणि तिच्या वरच्या पायरीवरची ‘होर्डर्स सोसायटी’ अशा सभासद-मंडळांना, बाहेर मिळत नाहीत अशा बाटल्या विकत घेण्याचा हक्क मिळत असे. रामबागेतल्या काकांच्या प्रश्नात हा मुद्दा महत्त्वाचा आहे. तिथे शुल्काचा बराचसा भाग बिअरसाठी नसतो, बिअर विकत घेण्याच्या हक्कासाठी असतो, आणि बिअरचे पैसे पुन्हा वेगळे द्यावे लागतात. पहिल्या वर्षी मला त्याचे काही वाटले नाही. दुसऱ्या वर्षी लक्षात आले की हक्क वाया जाऊ नये म्हणून मी नको असलेल्या बाटल्याही घेत होतो. 18-19 टक्के अल्कोहोल असलेली मोठी बाटली एकट्याने उघडता येत नाही, म्हणून कपाटात बाटल्या साठत गेल्या. परतताना त्यांतल्या बहुतेक मी मित्रांना वाटून टाकल्या.

त्याच राज्यात, उत्तरेला सांता रोझा येथे, ‘रशियन रिव्हर’ ही ब्रुअरी अगदी उलट पद्धत पाळते. त्यांची ‘प्लायनी द यंगर’ ही ट्रिपल आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्स घातलेली कडक बिअर, 2005 मध्ये प्रथम बनली, आणि वर्षातून फक्त काही दिवस मिळते. तिच्यासाठी सभासदत्व नाही, हुद्दा नाही, ओळख चालत नाही. रांगेत उभे राहायचे, आपली पाळी आली की आत जायचे, लहान ग्लासात ठरावीक संख्येपर्यंत प्यायची आणि पुढच्याला जागा द्यायची. मी एकदा पाच तास उभा राहिलो आहे. पुढे ओरेगॉनहून आलेले एक वयस्क जोडपे होते, मागे तिथल्याच महाविद्यालयातले दोन मुलगे होते, आणि आत पोहोचेपर्यंत आम्हा पाच जणांचा गट झाला होता. त्या दिवसांत गावातली हॉटेले आणि खानावळी इतक्या भरतात की सोनोमा काउंटीचे प्रशासन या विक्रीमुळे परिसरात किती पैसा आला याचा स्वतंत्र अभ्यास करते.

रांगेचा तोटा सांगितला नाही तर ते एकांगी होईल. रांग ज्याच्याकडे मोकळा वेळ आहे त्यालाच न्याय देते. लहान मूल असलेली आई, रोजंदारीचा माणूस, ज्याला गुडघे दुखतात तो माणूस, यांना पाच तासांची रांग म्हणजे बंद दारच आहे. सभासदत्व पैसा मागते, रांग वेळ मागते, आणि दोन्ही कोणाला ना कोणाला बाहेर ठेवतात. तरीही मला निवडायला सांगितले तर मी रांग निवडेन, कारण रांगेत उभा राहणारा त्या दिवशी खरोखर ती बिअर प्यायलाच आलेला असतो.

सानंदची तुलना मला अर्धीच पटली. नाटकाचे प्रयोग सभासदांच्या प्रत्येक गटासाठी वेगवेगळे होतात, त्यामुळे एकाने पाहिले म्हणून दुसऱ्याचे काही कमी होत नाही. बिअरचे पिंप मात्र एकच असते.

---

खिळा_आणि_पिंप यांचे उत्तर

मी व्यवसायाने ब्रुअर आहे. पुण्यात शिकलो आणि आता मध्य प्रदेशात काम करतो. काकांनी ज्या ब्रूपबविषयी लिहिले तिथे मी नाही, परंतु खिळ्याचे वर्णन वाचून बरे वाटले. ती युक्ती रशियन रिव्हरच्या विनी सिलुर्झो यांनी रूढ केली आणि जगभर ‘विनी नेल’ याच नावाने ती ओळखली जाते. पिंपाचे बूच उघडले तर हवा आत जाते आणि बिअर आंबण्याची भीती असते. खिळ्याच्या भोकातून घोटभर काढली तर तो धोका फारच कमी होतो.

सभासद कशाचे पैसे भरतो, या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या कामातून देतो. माझ्या मते तो टाकीच्या वेळेचे पैसे भरतो.

समजा ब्रूपबमध्ये 500 लिटरच्या सहा टाक्या आहेत. गव्हाची बिअर साधारण दोन आठवड्यांत टाकीतून केगमध्ये, म्हणजे बिअर वाढण्यासाठी भरायच्या धातूच्या पिंपात, जाते. नीट थंड करून मुरवलेल्या लागर या प्रकारच्या बिअरला सहा आठवडे लागतात. म्हणजे एक लागर बनवताना त्याच टाकीत होऊ शकणाऱ्या गव्हाच्या बिअरच्या तीन खेपांवर, 1,500 लिटर मालावर, पाणी सोडून मी 500 लिटर माल मिळवतो. ग्राहक मात्र लागरसाठी तिप्पट पैसे देत नाही. मालकाने मला ‘पुन्हा लागर कशाला?’ असे विचारले की त्याच्या डोक्यात हा हिशेब असतो, आणि तो चुकीचा नसतो.

पिंपाचे गणित याहून अवघड आहे. अमेरिकेत बर्बन ही मक्याची व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी असा कायदा आहे, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपे जगभर विकली जातात. आपल्याकडच्या सिंगल माल्ट व्हिस्की बनवणाऱ्यांकडेही ती येतात. पिंप साधारण 200 लिटरचे असते. नऊ महिन्यांत त्यातली काही बिअर लाकूड पिते, काही उडून जाते आणि तळाशी गाळ राहतो. इंदूरच्या एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की खोली थंड आणि दमट ठेवली नाही तर हे नुकसान वाढतच जाते, आणि ती खोली वर्षभर थंड ठेवण्याचे विजेचे बिल कोणत्याही ग्लासावर लिहिलेले नसते. शेवटी माझ्या हाती 170 लिटर आले तर मी समाधान मानतो.

आता काकांच्या योजनेला हे लावून पाहा. 200 सभासद, प्रत्येकी 330 मिलिलिटरचे दोन ग्लास, म्हणजे 132 लिटर. पिंपात 170 लिटर आहेत. 38 लिटर उरतात, म्हणजे सुमारे 115 ग्लास. जिथे शब्द पाळूनही 115 ग्लास उरतात, तिथे फळ्यावर ‘फक्त सभासदांसाठी’ लिहिण्याची गरज काय होती? सभासदाला त्याचे दोन ग्लास मिळावेत, आधी मिळावेत, बसायला जागा राखून मिळावी, हे सगळे रास्त आहे, कारण त्याने नऊ महिने आधी विश्वास ठेवून पैसे दिले आहेत. पण ‘सभासदाला आधी’ आणि ‘फक्त सभासदालाच’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीमुळे ब्रुअरीला वेळ विकत घेता येतो. दुसरी फक्त सभासदाला सुखावण्यासाठी असते.

मला दुसरीची भीती वाटते, त्याचे कारण व्यवसायाचे आहे. ज्याने वर्षाचे पैसे आधी भरले आहेत तो माणूस सहसा बिअर वाईट आहे असे म्हणत नाही. त्याला ती आवडायला हवी असते. मला माझ्या चुका दाखवल्या त्या नवख्या लोकांनी. मागच्या वर्षी एका आंबट बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. चार नेहमीच्या गिऱ्हाइकांनी तिला ‘गुंतागुंतीची’ म्हटले. पाचव्या टेबलावर प्रथमच आलेल्या एका बाईंनी ग्लास परत पाठवला आणि ‘याला पावसाळ्यात भिजलेल्या खोक्याचा वास आहे’ असे सांगितले. त्या बरोबर होत्या. केगमध्ये भरताना बिअरला हवा लागली होती. ती बिअर फक्त सभासदांनीच प्यायली असती तर पुढच्या खेपेतही मी तीच चूक केली असती.

पिंप बिघडले तर काय, हेही योजनेत लिहिलेले हवे. लाकडात जंतू लपून राहतात, आणि कितीही काळजी घेतली तरी एखादे पिंप आंबते. शिकागोच्या गूस आयलंडसारख्या मोठ्या कंपनीची प्रसिद्ध ‘बर्बन काउंटी’ बिअर 2015 च्या खेपेत बिघडली होती. त्यांनी ग्राहकांचे पैसे परत केले आणि पुढच्या वर्षापासून ती बिअर पाश्चराइज करायला सुरुवात केली. जी ब्रुअरी चार दुर्मीळ बिअरचे वचन देते तिने चौथी बिघडली तर किती पैसे परत मिळतील हे आधीच सांगितले पाहिजे. नाहीतर ब्रुअरवर बिघडलेली बिअर ओतून देण्याऐवजी वाढून टाकण्याचे दडपण येते. हे दडपण मी पाहिले आहे, म्हणून सांगतो.

एकूण, योजना असावी असेच माझे मत आहे. अशा योजनेशिवाय आमच्यासारख्या शहरात नऊ महिने मुरणारी बिअर बनवणे मालकाला परवडणारच नाही.

---

आकडेमोड यांचे उत्तर

मी सनदी लेखापाल आहे. बिअर घेत नाही, परंतु हॉटेल आणि बारचे हिशेब पाहतो. चवीविषयी मला बोलता येणार नाही. आगाऊ पैशांविषयी मात्र बोलले पाहिजे, कारण वर कोणी ते बोललेले नाही.

आपल्या राज्यात आबकारी परवान्याचे वर्ष 1 एप्रिलला सुरू होते आणि 31 मार्चला संपते. नव्या वर्षाचे धोरण त्याच सुमारास ठरते आणि ते कधीकधी पुष्कळ बदलते. 1 एप्रिल 2023 पासून दारूच्या दुकानांना जोडलेले अहाते, म्हणजे तिथेच बसून पिण्याच्या जागा, बंद झाले. 1 एप्रिल 2025 पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर अशा धार्मिक महत्त्वाच्या गावांतली दुकाने आणि बार बंद झाले. मी त्या निर्णयांच्या योग्यायोग्यतेत जात नाही. मुद्दा एवढाच की परवाना असलेला व्यावसायिक 31 मार्चच्या पलीकडचे वचन स्वतःच्या बळावर देऊ शकत नाही. जानेवारीत वर्षाचे 9,000 रुपये घेणे म्हणजे जो परवाना अजून हातात नाही त्याच्या भरवशावर नऊ महिन्यांचे पैसे घेणे होय. सभासदत्वाचे वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च असेच ठेवावे, किंवा पैसे तिमाहीने घ्यावेत, असे मी माझ्या अशिलाला सांगेन.

दुसरे, हे शुल्क नेमके कशाचे आहे ते पावतीवर स्पष्ट लिहावे. पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे. तिच्यावर राज्याचा कर लागतो. सभासद होण्याचे शुल्क मात्र सेवेत मोडते आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. 9,000 मध्ये आठ ग्लासांची किंमत किती आणि हक्काची किंमत किती, हे वेगळे केले नाही तर पुढे ब्रुअरीलाच त्रास होतो. ऑरेंज काउंटीच्या सदस्यांनी सांगितलेला ‘हक्क आणि माल’ यांतला फरक इथे कागदावर उतरतो.

तिसरे, ब्रुअरी चालवणारी कंपनी असेल, तर मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम सर्वसाधारणपणे 365 दिवसांत त्या मालाच्या पुरवठ्यात जिरावी लागते. ती तशी जिरली नाही तर कंपनी कायद्यात तिला ठेव समजले जाऊ शकते, आणि ठेवींचे नियम फार कडक आहेत. ‘यंदाची चौथी बिअर पुढच्या वर्षी देऊ’ असे तोंडी सांगून भागत नाही.

मराठी वाचकांना यासाठी एक ओळखीची पद्धत आहे, ती म्हणजे प्रकाशनपूर्व सवलत. प्रकाशक मोठ्या ग्रंथाचे पैसे छपाईच्या आधी घेतो, त्या पैशांवर कागद आणतो, आणि आधी पैसे देणाऱ्याला ग्रंथ कमी किमतीत व सर्वांत आधी देतो. नंतर तो ग्रंथ दुकानातही येतो आणि कोणीही पूर्ण किंमत देऊन घेऊ शकतो. आधी पैसे देणाऱ्यालाही त्यात आपले काही गेले असे वाटत नाही. बिअरच्या योजनेत ही शेवटची पायरीच गाळली आहे.

---

भंवरकुआंचा_भाडेकरू यांचे उत्तर

मी 23 वर्षांचा आहे आणि परीक्षेची तयारी करतो. 9,000 रुपये म्हणजे माझ्या खोलीचे जवळजवळ दोन महिन्यांचे भाडे आहे. वर्षातून दोन-तीनदा मित्रांबरोबर पैसे काढून आम्ही एखादी वेगळी बिअर चार जणांत वाटून पितो, आणि त्या संध्याकाळी फळ्यावर काय आहे यावर पुष्कळ बोलतो. मला या क्षेत्रात पुढे काम करावेसे वाटते, माल्ट आणि यीस्टविषयी मी वाचतोही. पण ज्या बिअरपासून शिकता येईल ती फक्त सभासदांनाच मिळणार असेल तर आमच्यासारख्यांनी शिकायचे कशावर? ते 115 ग्लास वाचून मला पहिल्यांदाच हिशेबात आपलीही जागा दिसली.

---

सुदामानगरची_वाचक यांचे उत्तर

काकांनी आणि इतरांनी जे लिहिले ते मनापासून लिहिले आहे, म्हणून माझीही एक बाजू मोकळेपणाने मांडते. मी आणि माझे यजमान दोघेही अशा जागी जातो. मी एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते.

सगळी चर्चा ग्लासांच्या संख्येची झाली, त्या ग्लासात काय आहे याची झाली नाही. पिंपात मुरवलेल्या स्टाउटमध्ये 11 टक्के अल्कोहोल असेल असे धरू. 330 मिलिलिटरच्या एका ग्लासात 36 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल होते. पाच टक्क्यांच्या साध्या बिअरच्या तेवढ्याच ग्लासात ते साडेसोळा असते. म्हणजे सभासदाचे दोन ग्लास साध्या बिअरच्या जवळजवळ साडेचार ग्लासांएवढे आहेत, आणि ते त्याच दिवशी, तिथेच बसून संपवायचे आहेत, कारण घरी नेता येत नाहीत. ज्याने त्याचे पैसे आधीच भरले आहेत तो दुसरा ग्लास सोडून उठेल का? ऑरेंज काउंटीच्या दादांनी नको असलेल्या बाटल्या घेतल्या, पण त्यांना त्या निदान कपाटात तरी ठेवता आल्या. इथे तेही करता येणार नाही.

मोटार वाहन कायद्यात 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. असे दोन ग्लास घेतलेल्या माणसाला ही मर्यादा ओलांडायला काहीच अवघड नाही. विजयनगरहून रामबागेला किंवा सुदामानगरला रात्री दुचाकीवर परतणारे किती जण असतात, हे आपण सगळे पाहतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. सभासदाचा वाटा ग्लासांत मोजू नये, मिलिलिटरमध्ये मोजावा आणि तो मोडून घेता यावा. 660 मिलिलिटर त्याचे आहेत, तर त्याने ते 110 मिलिलिटरच्या लहान ग्लासांत, सहा वेगवेगळ्या संध्याकाळी, किंवा एकाच संध्याकाळी सोबतच्या पाच जणांत वाटून घ्यावेत. केग थंड राहिले तर बिअर काही दिवस चांगली राहते, हे खिळा_आणि_पिंप यांनी सांगावे. तसे झाले असते तर काकांच्या मुलालाही कोणा सभासदाच्या वाट्यातून घोट मिळाला असता. वाटून घेता येईल असे सभासदत्व असेल तर मला ते मान्य आहे.

---

खिळा_आणि_पिंप यांचे उत्तर

ताई, राहते. कडक स्टाउट कार्बन डायऑक्साइडच्या दाबाखाली थंड केगमध्ये काही आठवडे उत्तम राहते. ती एकाच दिवशी संपवण्याचे तांत्रिक कारण काहीच नाही. उघडण्याच्या दिवसाची गर्दी जाहिरातीच्या कामाची असते, एवढेच. लहान ग्लासाची सूचना मी आमच्याकडे मांडतो आहे. अकरा टक्क्यांची बिअर 330 च्या ग्लासात वाढणे मला स्वतःलाही कधी पटलेले नाही. तिसऱ्या चौथ्या घोटानंतर जीभ जड होते आणि मग लाकूड कळत नाही, नुसती गोडी कळते.

---

रामबागेतला यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितो आहे, कारण मध्ये एक शुक्रवार जाऊ द्यायचा होता.

इथली उत्तरे कागदावर उतरवून मी ब्रुअरला दाखवली. त्याने ती उभ्याउभ्या वाचली आणि 115 च्या आकड्यापाशी थांबला. जानेवारीच्या स्टाउटचे ग्लास खरोखरच उरले होते, हे त्याने कबूल केले. ते दुसऱ्या दिवशी सभासदांनाच पुन्हा दिले गेले, कारण फळ्यावर तसे लिहिले होते आणि लिहिलेले मोडायचे कसे असा प्रश्न पडला. मुलगा आणि मी त्या दुसऱ्या दिवशीही बाहेरच्या बाकांवर बसून गव्हाची बिअर पीत होतो, हे मी त्याला सांगितले. त्याला ते ठाऊक नव्हते. तो बराच वेळ काही बोलला नाही.

मालकांशीही बोलणे झाले. परवान्याच्या वर्षाचा मुद्दा त्यांना लगेच पटला, आणि नवे सभासद ते आता एप्रिलपासूनच घेणार आहेत. पिंप बिघडल्यास त्या बिअरपुरते पैसे परत देण्याचेही त्यांनी मान्य केले. उरलेली बिअर सर्वांना खुली करण्याविषयी मात्र त्यांनी हो म्हटलेले नाही. आधी पैसे भरलेल्या लोकांना फसवल्यासारखे वाटेल, अशी त्यांची अडचण आहे आणि ती मी समजू शकतो. मी त्यांना प्रकाशनपूर्व सवलतीचे उदाहरण दिले. ते इंदूरचेच असले तरी मराठी नाहीत, त्यामुळे ते समजावायला थोडा वेळ लागला.

मी अजून पैसे भरलेले नाहीत. उरलेली बिअर सर्वांसाठी ठेवली तर भरेन, असे त्यांना सांगून आलो आहे.

निघताना ब्रुअरने मला आतल्या खोलीत नेले. जांभळाच्या बिअरने नुकतेच एक पिंप भरले आहे. फळे मागच्या पावसाळ्यातली, गर काढून गोठवून ठेवलेली, आणि भरताना उडालेले जांभळे डाग अजून लाकडावर ओले होते. पिंपाच्या तोंडावर भरल्याची तारीख खडूने लिहिलेली होती. त्याने खिशातून खडू काढला आणि तारखेखाली लिहिले: ‘सभासद 132 लि., बाकी सर्वांना.’ मालकांनी ते अजून पाहिलेले नाही.